अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज नेमका कोणत्या भागात घडतो?

वसमतहून आलेला आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपल्याकडे स्थानिक कारागिराने जोडलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यात २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक बाजूला स्पीकरला शक्ती देणाऱ्या ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरांची एक जोडी, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कंडेन्सर आणि पुढे ४५५८ आयसीचे टोन कंट्रोल बोर्ड आहे. टोन बोर्डासाठी १५-०-१५ चा वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८१५, ७९१५ हे रेग्युलेटर आहेत. अ‍ॅम्प्लिफायर आतल्या खोलीत असून ८ ओहमचे स्पीकर दहा मीटर दूर बैठकीत आहेत. रात्री हळू आवाजात भजन लावले की हार्मोनियम आणि टाळ किरकिरे लागतात, मोठ्या आवाजात पखवाजाची थाप दबते, आणि संध्याकाळी बारीक गुणगुण येते. आयात केलेले महागडे ऑडिओ कंडेन्सर आणि नवी आयसी बसवल्यास आवाज उबदार होईल, असे आपल्याला हैदराबादच्या कोटी बाजारातील एका दुकानदाराने सांगितले आहे. यांपैकी आधी काय बदलावे, असे आपण विचारता.

मी लातूरला ध्वनियंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती करतो, आणि हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. सुटा भाग हातात घेऊन त्याचा आवाज कसा आहे हे सांगता येत नाही. तो सर्किटमध्ये कोणत्या जागी बसला आहे, तेथे त्याच्यावर किती व्होल्टेज आणि किती करंट येतो, आणि ते काम तो पुरे पाडतो की नाही, यावरच त्याचा आवाजावरील परिणाम ठरतो. एकच कंडेन्सर एका जागी ऐकू येईल इतका फरक करतो आणि दुसऱ्या जागी मोजण्याच्या यंत्रालाही सापडत नाही. आपली तक्रार एकच वाटत असली तरी त्यात तीन वेगळे दोष असण्याची शक्यता मला जास्त दिसते. ते तीन वेगळ्या जागी घडतात आणि आपल्याला सुचवलेले भाग त्या तिन्ही जागांपैकी एकीलाही स्पर्श करत नाहीत. काही गोष्टी आपली वीज, आपले स्पीकर आणि आपली बैठक यांवर अवलंबून असल्याने येथूनच सांगणे शक्य नाही. त्या कशा तपासाव्यात हे त्या त्या ठिकाणी लिहितो.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून करतो, कारण मराठवाड्यात बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. २३० व्होल्ट येत असतील तर २४-०-२४ च्या ट्रान्सफॉर्मरवरून अ‍ॅम्प्लिफायरला साधारण अधिक-उणे ३३ ते ३४ व्होल्ट डीसी मिळतात. शेतीपंपांचा भार पडून रात्री हेच २३० चे १९० झाले, तर आतले व्होल्टेज २८ च्या आसपास येते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची उपलब्ध शक्ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. डेसिबलमध्ये ही घट दोनपेक्षाही कमी असल्याने सरासरी आवाज लहान झालेला जाणवत नाही. मात्र पखवाजाच्या थापेचा जो क्षणिक उंच भाग असतो, तो लवकर छाटला जातो. चौकोनी तरंगाचा जुना इन्व्हर्टर असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. साइन तरंगाच्या २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते, पूर्ण चौकोनी तरंगाचे शिखर मात्र २३० वरच थांबते. फिल्टर कंडेन्सर शिखरापर्यंतच भरत असल्यामुळे आतले ३४ व्होल्ट २४ च्या जवळ येतात आणि शक्ती निम्मी उरते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आपला अ‍ॅम्प्लिफायर मलूल वाटत असेल, तर त्याचे हे कारण आहे, आणि कोणताही आयात कंडेन्सर ते दूर करू शकत नाही.

फिल्टर कंडेन्सरचे काम दोन शिखरांच्या मधल्या काळात करंट पुरवण्याचे आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज असल्याने पूर्ण रेक्टिफिकेशननंतर, म्हणजे एसीचे डीसी केल्यावर, शिखर दर दहा मिलिसेकंदांनी येते. त्या काळात २ अँपिअर करंट खेचला गेला तर ४७०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवरील व्होल्टेज चार व्होल्टच्या आसपास घसरते. १०,००० मायक्रोफॅरड असतील तर ही घसरण दोन व्होल्टवर येते. हे गणित नव्या कंडेन्सरचे आहे. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर उष्णतेने आतून सुकतो आणि त्याची क्षमता घटत जाते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. ८५ अंशांना २००० तास असे लिहिलेला कंडेन्सर पेटीच्या आत ६५ अंशांवर चालला तर सुमारे ८००० तास टिकतो, म्हणजे रोज चार तास ऐकणाऱ्या घरात साधारण साडेपाच वर्षे. परभणी-नांदेडकडचा मे महिना, बंद पेटी, छिद्रांत बसलेली धूळ आणि शेजारीच तापणारा हीटसिंक (ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हे सगळे लक्षात घेतले, तर ६५ अंश ही अतिशयोक्ती नाही. म्हणून या जागी मी नेहमी १०५ अंशांचा, ओळखीच्या कंपनीचा आणि पुरेशा व्होल्टेजचा साधा कंडेन्सर वापरतो. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी तो ५० व्होल्टचा हवा, आणि रात्री उशिरा आपल्याकडे वीज २५० च्या पुढे जात असेल तर ६३ व्होल्टचा घ्यावा. ‘ऑडिओ’ असा शिक्का असलेल्या कंडेन्सरला येथे दुप्पट-तिप्पट पैसे देण्यापेक्षा तेच पैसे क्षमतेत आणि तापमानाच्या दर्जात घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता संध्याकाळच्या गुणगुणीचे पाहू. ७८१५ रेग्युलेटरला १५ व्होल्ट स्थिर ठेवण्यासाठी त्याच्या आधी सुमारे १७ व्होल्ट तरी लागतात. १५-०-१५ च्या ट्रान्सफॉर्मरवरून २३० व्होल्टला साधारण साडेवीस व्होल्ट मिळतात, तेव्हा काही अडचण नसते. पण १९० व्होल्टला तेच १७ च्या खाली उतरतात, रेग्युलेटरची पकड सुटते आणि १०० हर्ट्झचा तरंग तसाच टोन बोर्डात शिरतो. दिवसा गुणगुण नाही आणि संध्याकाळी आहे, या लक्षणावरून माझा पहिला संशय येथेच जातो. उपाय स्वस्त आहे: त्या जागी १८-०-१८ चा लहान ट्रान्सफॉर्मर बसवावा आणि रेग्युलेटरांना छोटे हीटसिंक द्यावेत. अर्थात गुणगुण चोवीस तास असती तर मी ग्राउंडच्या वायरी, सेट-टॉप बॉक्सवरून येणारी केबल आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडा पडलेला अर्थिंगचा खड्डा, या क्रमाने शोध घेतला असता.

हळू आवाजातील किरकिर हा यांपासून पूर्णपणे स्वतंत्र दोष आहे, आणि माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. आवाज वाढवल्यावर येणारी विकृती आणि आवाज कमी केल्यावर जाणवणारी विकृती यांची कारणे वेगळी असतात. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तरंगाचा वरचा अर्धा भाग ५२०० आणि खालचा अर्धा भाग १९४३ हाताळतो. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना दोघेही थोडे चालू असावे लागतात. त्यासाठी जो अल्प करंट सतत वाहू दिला जातो त्याला बायस म्हणतात. बायस अपुरा असेल तर प्रत्येक वेळी शून्य ओलांडताना तरंगाला खाच पडते. मोठ्या आवाजात ती खाच तरंगाच्या मानाने नगण्य ठरते. हळू आवाजात तीच तरंगाचा मोठा हिस्सा खाते. टाळ, हार्मोनियम आणि विरत जाणारा तानपुरा यांत ती लगेच उघडी पडते.

येथे एक रास्त शंका येऊ शकते: आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देऊन चूक दुरुस्त करणारा फीडबॅक असताना ही विकृती उरते कशी? अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना मांडली, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरची शुद्धता तिच्यावर उभी आहे. परंतु सर्किट स्थिर राहावे म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीला फीडबॅक मुद्दाम कमी होत जाईल अशी रचना करावी लागते. शून्याजवळच्या खाचेतून निर्माण होणारे घटक नेमके त्याच वरच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे फीडबॅक त्यांना पुरता पुसू शकत नाही. म्हणून बायस मुळातच बरोबर असावा लागतो.

आपल्याकडच्या अनेक तयार बोर्डांवर बायस जवळजवळ शून्य ठेवलेला मी पाहिला आहे. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये लागणारे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते, म्हणजे बायस तोच राहिला तरी करंट वाढतो, करंटमुळे उष्णता वाढते आणि शेवटी ट्रान्झिस्टर जळतो. हे टाळण्यासाठी बायस ठरवणारा लहान ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच चिकटवायचा असतो, म्हणजे तोही बरोबरीने तापतो आणि बायस आपोआप खाली आणतो. जोडणी करणारा कारागीर हा लहान ट्रान्झिस्टर बोर्डावर मोकळा ठेवतो, मग उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर जळू लागतात, मग सुरक्षिततेसाठी बायसच काढून टाकला जातो. आपल्या ट्रान्झिस्टरांच्या एमिटरला ०.२२ ओहमचे रेझिस्टर असतील तर दोन एमिटरांच्या दरम्यान, सिग्नल नसताना आणि अर्धा तास तापल्यावर, ४० ते ५० मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. तेथे शून्य किंवा दोन-चार मिलिव्होल्टच दिसले, तर किरकिरीचे कारण सापडले असे समजावे. बायस वाढवण्यापूर्वी तो लहान ट्रान्झिस्टर थर्मल पेस्ट लावून हीटसिंकवर घट्ट बसवावा आणि हीटसिंक पुरेसा मोठा आहे याची खात्री करावी, कारण १०० मिलिअँपिअरला प्रत्येक बाजूस सात वॅटच्या आसपास उष्णता सतत निर्माण होते.

त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ट्रान्झिस्टर अस्सल आहेत का. ५२०० आणि १९४३ या क्रमांकांची नक्कल बाजारात भरपूर आहे. आत लहान चकती असलेला नकली ट्रान्झिस्टर हलक्या भाराला नीट चालतो आणि करंट वाढला की त्याचा गेन (करंट वाढवण्याची क्षमता) कोसळतो. दुसरी म्हणजे स्पीकरच्या टोकाजवळ १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी आहे का. ती नसेल, किंवा तिचा रेझिस्टर काळवंडला असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच आंदोलन करत असावा. असा अ‍ॅम्प्लिफायर कर्कश वाटतो, विनाकारण तापतो आणि ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, मारतो.

तिसरी जागा अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर आहे, आणि दुकानदाराने सांगितलेल्या उबदारपणाशी तिचा जवळचा संबंध आहे. ८ ओहमचा स्पीकर सगळ्या फ्रिक्वेन्सींना ८ ओहम नसतो. कोठे तो ६ ओहम असतो, तर रेझोनन्सपाशी, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला तो स्वतःच जास्त कंप पावतो तेथे, ३० ओहमपर्यंत जातो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अनेक अ‍ॅम्प्लिफायरांचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्यांचा स्वतःचा आतला रोध, एक-दोन ओहम असतो. तो २ ओहम धरला, तर ६ ओहमच्या जागी आवाज अडीच डेसिबलने आणि ३० ओहमच्या जागी जेमतेम अर्ध्या डेसिबलने घटतो. म्हणजे स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे दोन डेसिबलचा चढउतार तयार झाला, आणि तो कोणालाही ऐकू येतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच फरक एक दशांश डेसिबलच्या आसपास राहतो. अमेरिकेतील अ‍ॅम्प्लिफायर रचनाकार बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये स्टीरिओफाइल मासिकाच्या आव्हानावरून आपला स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर एका महागड्या अ‍ॅम्प्लिफायरशी असा जुळवला होता की परीक्षकांना दोघांत फरक करता आला नाही. दोन्हींच्या आउटपुटमधील फरक मोजून तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत ते जुळवणी करत गेले. ज्याला आपण उबदार आवाज म्हणतो त्याचा बराच भाग अशा मोजता येणाऱ्या गोष्टींत असतो, हे मला त्यातून फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या बाबतीत हा इम्पीडन्स नकळत वायरीने वाढवला असण्याची शक्यता आहे. दुकानात सहज मिळणारी १४/३८ ची (३८ गेजच्या १४ धाग्यांची) जुळी वायर घेतली, तर तिच्या एका तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०७ ओहम भरतो. दहा मीटर जाऊन-येऊन वीस मीटर झाले, म्हणजे जवळपास १.३५ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर कितीही उत्तम असला तरी स्पीकरला हा सव्वा-दीड ओहम मध्ये दिसतोच. खालचे स्वर सैल होतात आणि थापेचा कडकपणा जातो. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर हाच रोध पाव ओहमच्याही खाली येतो. अ‍ॅम्प्लिफायर बैठकीत स्पीकरजवळ आणणे त्याहून चांगले.

आतापर्यंतचा क्रम एकदा सांगतो: गुणगुण रेग्युलेटरच्या पुरवठ्यात, किरकिर बायसमध्ये, आणि दबलेली थाप फिल्टर कंडेन्सर, विजेचे व्होल्टेज व वायर यांत शोधावी. हे झाल्यावरच आपल्याला सुचवलेल्या भागांकडे वळावे.

सिग्नलच्या मार्गातील कंडेन्सरबद्दल पहिली गोष्ट त्याच्या मूल्याची. ०.१ मायक्रोफॅरडच्या पुढे १० किलोओहम असेल तर १५९ हर्ट्झला आवाज तीन डेसिबल घटलेला असतो आणि त्याखाली घसरतच जातो. पखवाजाचा डगमगता धुम्म स्वर तेथेच हरवतो. एक मायक्रोफॅरड घातला की हीच सीमा १६ हर्ट्झवर जाते. हा बदल पाच-दहा रुपयांत होतो आणि कोणालाही ऐकू येतो. दुसरी गोष्ट जातीची. टोन कंट्रोलमध्ये साधे चपटे सिरॅमिक कंडेन्सर असतील तर ते जरूर बदलावेत, कारण जास्त क्षमतेच्या सिरॅमिक जाती व्होल्टेजनुसार आपली क्षमता बदलतात आणि त्यातून विकृती तयार होते. काहींवर लाकडी काडीने टिचकी मारली तर स्पीकरमध्ये ‘टक’ असा आवाज येतो. त्यांच्या जागी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कंडेन्सर लावावेत. मात्र एका चांगल्या फिल्म कंडेन्सरकडून दहापट किमतीच्या दुसऱ्या फिल्म कंडेन्सरकडे जाताना ऐकू येणारा फरक मला अशा सर्किटमध्ये कधी पटला नाही. रेझिस्टरबाबत मेटल फिल्म वापरावेत एवढेच पुरे; ते स्वस्त आणि कमी गोंगाटाचे असतात.

आयसीचा विषय थोडा नाजूक आहे. ४५५८ ला सगळे जुनाट म्हणतात. पण दोन व्होल्टचा सिग्नल २० किलोहर्ट्झला पूर्ण देण्यासाठी मायक्रोसेकंदाला ०.३६ व्होल्टचा वेग लागतो, आणि ४५५८ चा वेग त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक आहे. ५५३२ कमी गोंगाटाची आणि जड भार ओढणारी उत्तम आयसी आहे, यात शंका नाही. तिचा इनपुट बायस करंट मात्र साधारण २०० नॅनोअँपिअर असतो. इनपुटला १०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल थेट जोडलेला असेल तर त्यावर २० मिलिव्होल्टपर्यंत डीसी तयार होते आणि तो फिरवताना खरखर येते. ग्राहक मग नवी आयसी खराब आहे असे समजतो. शिवाय वेगवान आयसीच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर नसतील तर ती आंदोलन करते आणि आवाज पूर्वीपेक्षा कडवट होतो. म्हणून आयसीखाली बेस (सॉकेट) घातलेला असला तरी आयसी केवळ उपटून बदलू नये. आपला व्हॉल्यूम कंट्रोल मात्र जरूर तपासा: हळू आवाजात डावी-उजवी बाजू असमान होत असेल, तर चांगला लॉग प्रकारचा (कानाच्या जाणिवेप्रमाणे आवाज वाढवणारा) दुहेरी कंट्रोल बसवल्याने आपल्या रोजच्या ऐकण्यात आयसीपेक्षा जास्त सुधारणा होईल.

बदल केल्यावर तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा एकच सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवरील एसी व्होल्टेज मल्टिमीटरने एक टक्क्याच्या आत जुळवावे, आणि कोणते जोडले आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्यावे. बैठकीत शहाबादी फरशी आणि वर पत्रे असतील तर एक जाड जाजम अंथरून पुन्हा ऐकावे; खोलीचा परिणाम यांपैकी अनेक गोष्टींहून मोठा असतो.

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढून फिल्टर कंडेन्सर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करावेत, आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा (फिलामेंटचा) बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. बल्ब क्षणभर लागून मंदावला तरच थेट वीज द्यावी. मग मला चार आकडे कळवा: संध्याकाळी सात वाजता भिंतीच्या सॉकेटवरील व्होल्टेज, त्याच वेळी ७८१५ च्या इनपुटवरील डीसी, दोन एमिटरांमधील मिलिव्होल्ट, आणि सिग्नल नसताना स्पीकरच्या टोकांवरील डीसी. हा शेवटचा आकडा ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त आला तर स्पीकर लगेच सोडवून ठेवा आणि बायसला हात लावू नका; त्या परिस्थितीत आधी इनपुटच्या ट्रान्झिस्टरांची जोडी तपासावी लागेल.